भुकेची कमाल आणि पाठीवरचे केस

काही प्रयोग निकालासाठी वाचावेत, काही त्यांच्या रचनेसाठी. ॲबर्डीन विद्यापीठातल्या एल्झबिएटा क्रूल, जॉन स्पीकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा प्रयोग मी दुसऱ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचतो.

आधी त्याची पार्श्वभूमी. पिल्लांना पाजणारी उंदरीण ऐन भरात एरवीच्या जवळजवळ चौपट खाते. ही भूक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये घडते. चरबीच्या साठ्याची खबर देणारं लेप्टिन हे संप्रेरक या काळात रक्तात कमी होतं. त्यामुळे भूक चेतवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि ‘पुरे’ सांगणाऱ्या मंदावतात. पिल्लं लुचू लागली की दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि उरल्यासुरल्या लेप्टिनलाही मेंदू फारशी दाद देत नाही. शिवाय ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी आपलं काम आवरतं घेते. खाणं वाढवायचं आणि खर्च कमी करायचा, अशी ही दुहेरी तजवीज.

तरीही एका टप्प्यावर खाणं थांबतं. जास्त पिल्लं अंगाला लावली तरी आई त्याहून जास्त खात नाही. पोटात मावत नाही म्हणून? पण आधीच्या प्रयोगांत थंडीत ठेवलेल्या उंदरिणी आणखी खात होत्या. मग स्तनग्रंथी थकतात म्हणून? पण थंडीत दूधही वाढत होतं. उलट ३० अंश तापमानात खाणं घटलं आणि पिल्लंही लहान राहिली. तेव्हा संशय उष्णतेवर गेला. अन्न पचवताना आणि दूध तयार करताना शरीर तापतं. ती उष्णता बाहेर टाकण्याची ताकद संपली, की खाण्याची कमालही गाठली जाते.

आता २००७ च्या त्या प्रयोगातली मला सर्वांत आवडणारी जागा. संशोधकांनी पाजत्या उंदरिणींच्या पाठीवरचे केस भादरले. ना औषध, ना वेगळा खुराक. पोट तेच, स्तन तेच, पिंजराही तोच. भादरलेल्या आया जास्त जेवल्या, त्यांना दूध जास्त आलं आणि त्यांची पिल्लं वजनाने भरली. थंडीच्या प्रयोगावर शंका घेता येत होती, कारण थंडीत पिल्लांनाही गारठा लागतो. इथे आईची फक्त उष्णता टाकण्याची सोय वाढवली आणि ती शंका मिटली. आईला काहीही न देता, तिच्या अंगावरचं थोडं काढून घेऊन तिचं दूध वाढवणं, यातली काटकसर थक्क करते.

पुढे इतर जातींवर असे प्रयोग झाले, त्यांचे निकाल एकसारखे आले नाहीत. म्हणून हा नियम सरसकट लावता येत नाही. प्रश्न विचारण्याची या प्रयोगाची रीत मात्र अस्सलच राहते.

माणसाला सहसा एकच बाळ पाजायचं असतं, त्यामुळे उंदरिणीइतकी ओढाताण आपल्याकडे नाही. तरी पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आपल्या घरांतले डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर याच गरजेला दिलेली उत्तरं आहेत. म्हणून बाळंतीण तिसरी भाकरी मागते तेव्हा ‘किती खातेस!’ म्हणू नये. ती भूक बाळाच्या दुधासाठी मेंदूने मुद्दाम वाढवलेली असते. तिला हावरटपणा म्हणणं अज्ञान आहे आणि अन्यायही.