नाव ऐकताच उभे राहणारे चित्र

आमच्यापैकी एकजण काही वर्षांपूर्वी बोरिवलीत भाड्याची खोली पाहायला गेला. त्याचे मराठी ऐकून घरमालक खूश झाला, चहाही मागवला. मग नाव विचारले. नाव कळताच खोली 'कालच दिली' असे निघाले. समोरचा माणूस तोच होता. बदलले ते घरमालकाच्या मनातले चित्र. असे चित्र मनात कसे उभे राहते आणि ते फिरवता येते का, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच समीक्षेचाही आहे.

अंधेरी स्टेशनात रोज पश्चिमेकडून शिरणारा माणूस एखाद्या दिवशी पूर्वेकडून आला की क्षणभर गोंधळतो. पूल, तिकीटघर, फलाट सारे मनातल्या मनात फिरवून घ्यावे लागते. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या अमेरिकन संशोधकांनी हेच मोजले. ठोकळ्यांच्या आकृत्यांची जोडचित्रे दाखवून, दोन्ही आकृत्या एकच आहेत का, असे त्यांनी विचारले. आकृती जितक्या जास्त कोनातून वळलेली, तितका उत्तराला जास्त वेळ लागला. म्हणजे मनातले चित्र फिरते. पण एका झटक्यात नव्हे, टप्प्याटप्प्याने.

मराठी समीक्षेने प्रतिमेचा विचार गांभीर्याने केला आहे. सुधीर रसाळ यांचा 'कविता आणि प्रतिमा' हा ग्रंथ त्याची साक्ष आहे. आम्हांला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, प्रतिमा कवी सुरू करतो आणि वाचक स्वतःजवळच्या साठ्यातून ती पुरी करतो. 'मोहल्ला' हा शब्द वाचताना कुणाला नानीच्या दारातला ओटा दिसतो, तर कुणाला पोलिसांची गाडी. शब्द एकच, साठा वेगळा.

नारायण सुर्वे यांची 'शीगवाला' ही कविता या दृष्टीने पुन्हा वाचावी. खाटिक म्हटल्यावर वाचकाच्या मनात आधी सुरी येते. सुर्वे ती नाकारत नाहीत. ते दाऊदचाचाला खोलीत आणतात, त्याला डोक्यावरची गोंड्याची टोपी काढून ठेवू देतात, त्याच्या मिश्र बोलीत त्याला बोलू देतात. मग तो आपला पाय दाखवतो आणि दंगलीची हकिकत सांगतो. शेवटी त्याच खाटकाच्या जागी आपल्याला माणूस वाचवणारा माणूस दिसतो. 'मुसलमान चांगले असतात' असे कवी कुठेही म्हणत नाही. तो वाचकाला चित्र फिरवायला लागणारा वेळ देतो. कवितेचे बळ आम्हांला इथे दिसते.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी साहित्यातले आपले चित्र एकांगी आहे, ही आपली तक्रार तेव्हाही होती आणि ती रास्तच होती. पण आपल्या कथांतली चित्रे तरी किती वळली? तलाकपीडित स्त्री, दाढीवाला मौलवी, गरीब पण इमानी चाचा हा आपलाही ठरलेला साठा झाला आहे. मुलुंडहून सकाळची लोकल पकडणारी, डब्यात मराठी पेपर वाचणारी, घराच्या हप्त्यांचा हिशेब करणारी आपली बहीण त्यांत फारशी भेटत नाही.

घरमालकाच्या मनातले चित्र भाषणाने वळणार नाही. दाऊदचाचासारखा माणूस लिहूनच ते कदाचित वळेल. पण त्याआधी लिहिणाऱ्याने ते स्वतःच्या मनात वळवलेले असायला हवे.