नाव घेतल्यानंतर

खुनाच्या कादंबऱ्या मी रात्री, मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर वाचतो. साहित्याच्या चर्चेत रहस्यकथेला ओसरीवरच बसवायचे, माजघरात येऊ द्यायचे नाही, असा आपला रिवाज आहे. आज दिवाळीचे निमित्त साधून तिला जरा आत बोलवावे म्हणतो.

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' ही 1930 सालची कादंबरी मी शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच. सेंट मेरी मीड नावाचे एक काल्पनिक इंग्रजी खेडे. तिथल्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरोचा खून होतो. कथा सांगणारा स्वतः पाद्रीच. आणि या कर्नलला कोणी मारले तर जगावर उपकारच होतील, असे तो आरंभीच जेवता जेवता बोलून गेलेला असतो! मेलेल्यासाठी फारसे कोणी रडत नाही. वाचकही रडत नाही. शेजारी राहणारी मिस मार्पल बागकामाच्या आणि पाखरे पाहण्याच्या निमित्ताने येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवून असते. तिचे शास्त्र एवढेच, की मनुष्यस्वभाव इथून तिथून सारखा. गावात पूर्वी कोण कसे वागले ते आठवले, की आज कोण कसे वागेल ते उमगते.

अशी म्हातारी आमच्या मोहोपाड्यात नाही काय? ओटीवर तांदूळ निवडता निवडता कोणाकडे कोण आले, किती वेळ बसले आणि जाताना तोंड कसे होते, हे सारे टिपणाऱ्या आज्या मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. तरीही मिस मार्पल मराठीत रुजली नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड शहरातच शोभले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा खरा, पण त्याचे पराक्रम बहुधा गावाबाहेरचे.

तशी कादंबरी लिहायला मी एकदा बसलो होतो. पाताळगंगेकाठचे गाव, सावकारी वळणाचा एक म्हातारा आणि भाताच्या खळ्यावर पडलेले त्याचे प्रेत, अशी मांडणी केली. तिसऱ्या प्रकरणात लेखणी अडली. कारण माझ्या लक्षात आले की, खुनी कोण हे माझ्या गावातल्या प्रत्येक पात्राला ठाऊक आहे. किराणा दुकानदाराला ठाऊक आहे, देवळातल्या गुरवाला ठाऊक आहे. गुन्ह्याची खबर देणे हे 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाचे कर्तव्य ठरले. पण माझा पोलीस पाटील त्याच गावचा, त्याच भावकीतला! 'कोणी केले' हा प्रश्न उरलाच नाही; उरला तो 'कोण बोलणार' हा.

आणि बोललेच, तर काय बोलतील? ख्रिस्तीच्या कादंबरीत आर्चर नावाचा एक चोरटा शिकारी आहे. पाद्र्याच्या मोलकरणीचे त्याच्यावर मन आहे आणि कर्नलने त्याला तुरुंग दाखवलेला आहे. त्याच्यावर संशय येतो आणि जातो. मिस मार्पलच्या यादीत तर निदान सात माणसे बसतात! खरे नाव उच्चारले गेले, की बाकीच्यांच्या अंगावरचा संशय धूळ झटकावी तसा झटकला जातो. या कथांतला सुखावणारा निवांतपणा येतो तो इथून. गुलाबांच्या ताटव्यांतून नव्हे. आमच्याकडे काही नाहीसे झाले, की पहिले बोट कातकरवाडीकडे वळते. खरा चोर सापडला तरी ते बोट पुरते मिटत नाही. वाडीवरचे पोर वर्गात मागच्या बाकावर बसते तेव्हा शेजारचा आपली पेटी जवळ ओढतो. हे मी पाहिले आहे, आणि पाहून पुढचा धडा शिकवायला घेतला आहे. इंग्रजी खेड्याची कथा नाव घेतल्यावर संपते; आमची तिथून सुरू होते.

ख्रिस्तीला आपल्या खेड्याचे हे सुख कायमचे वाटत होते, असे मात्र नाही. 1950 सालच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये युद्धानंतरचे गाव आहे. पूर्वी कोण कुठला ते सर्वांना माहीत असे. आता माणसे येतात आणि आपल्याविषयी जे सांगतात तेवढेच खरे मानायचे, ही मिस मार्पलची खंत त्या कादंबरीचा कणाच आहे.

हे वाचताना मला रसायनी आठवली. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आमच्या शेजारी उभा राहिला. मागोमाग इतर कारखाने आले, मुलखामुलखांतली माणसे आली. आज माझ्या जिन्यात समोर राहणारा गृहस्थ मूळचा कुठला, हे त्याने सांगितले तेवढेच मला ठाऊक आहे. तेव्हा 'कोणी केले' हा प्रश्न आता मोहोपाड्यातही खरोखरीचा प्रश्न होऊ शकेल, आणि मराठी मिस मार्पलला काम मिळेल. ती कादंबरी कोणी अवश्य लिहावी. पण खुनी सापडल्यानंतर लिहिणाऱ्याने आणखी एक प्रकरण लिहावे. संशयावरून पकडलेला कातकरी सुटून वाडीवर परततो, त्या संध्याकाळचे. माझी तीन प्रकरणे ट्रंकेत आहेत. ते शेवटचे प्रकरण जमले, तर मधली मी पुन्हा लिहायला घेईन.