पडदा मोठा, माणूस केवढा?

दूरचित्रवाणीवरील मालिका गाजली की तिचा चित्रपट काढण्याचा मोह निर्मात्यांना आवरत नाही. परंतु या दोन माध्यमांचे स्वभाव भिन्न आहेत. मालिकेतील माणसे दर आठवड्याला आपल्या घरी येतात आणि गेल्या खेपेस होती तशीच ती पुन्हा भेटावीत, अशी आपली अपेक्षा असते. चित्रपटाला मात्र दोन तासांत कोठून तरी निघून कोठे तरी पोहोचावे लागते. ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या दोन चित्रपटांची तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो.

जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत प्रक्षेपित झाली. तिचे ७९ भाग होते. १९८० च्या दशकात दूरदर्शनने ती रविवारी सकाळी दाखविली, तेव्हा मिस्सा आटोपून घराकडे धावणारी मुले काही वाचकांना आठवत असतील. नेपथ्य बेताचेच, तरीही मालिका मनात राहिली ती तीन माणसांमुळे. धाडसी कप्तान कर्क, तर्कनिष्ठ स्पॉक आणि भावनाप्रधान डॉक्टर मॅकॉय यांचा वाद म्हणजे जणू एकाच मनातील वाद होता.

१९७९ चा पहिला चित्रपट नेमके हेच विसरला. रॉबर्ट वाइज यांच्यासारखा कसलेला दिग्दर्शक, जेरी गोल्डस्मिथ यांचे उदात्त संगीत, भव्य दृश्ये, काहीच उणे नव्हते. मानवानेच पाठविलेले व्हॉयेजर यान सचेतन होऊन आपल्या निर्मात्याच्या शोधात परतते, हे कथाबीजही सखोल आहे. पण अंतराळयानाचे नखशिखान्त दर्शन घडविण्यात वेळ जातो आणि कथेतील माणसेच प्रेक्षक होऊन बसतात.

१९८२ चा ‘द रॅथ ऑफ खान’ याहून पुष्कळ कमी खर्चात तयार झाला. निर्माते हार्व बेनेट यांनी मालिकेचे सर्व भाग पाहून १९६७ च्या एका भागातील खान हा खलपुरुष निवडला. कर्कने त्याला एका ओसाड ग्रहावर सोडले होते आणि पुढे त्याची विचारपूसही केली नव्हती. मालिकेत एका भागाचे परिणाम सहसा पुढच्या भागात पोहोचत नसत. येथे पंधरा वर्षांपूर्वीची कृती हिशेब मागावयास येते. दिग्दर्शक निकोलस मेयर यांचा कर्क वाढदिवसाला मिळालेला चष्मा लावून वाचतो. आपण म्हातारे होत आहोत, हे त्याला सलते. अखेरीस सर्वांना वाचविण्यासाठी स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात शिरतो. दोन मित्रांमध्ये एक काच, आणि काचेच्या दोन बाजूंना दोन हात. सबंध चित्रपटातील सर्वांत मोठे दृश्य हेच, आणि त्यात भव्य असे काहीही नाही.

एक आक्षेप मात्र नोंदवावासा वाटतो. नव्या ग्रहाला जन्म देणाऱ्या यंत्राला बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे, नाव आहे. त्याच ग्रहावर स्पॉकची शवपेटी विसावते आणि १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात तो परत येतो. कर्क त्यासाठी पुत्र आणि यान दोन्ही गमावतो, हे खरे. तथापि मरणातून परतणे ही सोय ठरली की आधीच्या बलिदानाचे मोल घटते. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या वाचकालाही हे खटकावे, कारण शुभ शुक्रवार टाळून ईस्टर साजरा होत नाही, हे तो जाणतो.

मालिकेतील माणसांना कालाच्या स्वाधीन करण्याचे धैर्य दुसऱ्या चित्रपटाने दाखविले. रूपांतराची खरी कसोटी तीच होय.