साथीला बसलेल्या सूत्रधार

जॅझ संगीताचा इतिहास मुख्यतः ध्वनिमुद्रिकांच्या दप्तरावरून लिहिला गेला, आणि मुद्रिकेत जो सर्वांत ठळक ऐकू येतो तोच श्रेष्ठ, हा न्याय समीक्षकांनी सहजी पत्करल्यामुळे कॉर्नेट फुंकणाऱ्या पुरुषांचे चरित्र हाच या कलेचा इतिहास होऊन बसला. १९२५ पर्यंत मुद्रण विजेवाचून, कर्ण्यासमोर होत असे; त्यात कॉर्नेट घुमे, पियानो मात्र क्षीण होई. आणि स्त्रियांना वाद्यवृंदात प्रवेश मिळे तो प्रायः पियानोपुरताच, कारण फुंकवाद्ये कुलीन कन्यकेस अशोभनीय मानली जात. समाजाच्या दंडकाने त्यांना जिथे बसविले, तिथेच यंत्राच्या दोषाने त्यांचा स्वर झाकला गेला.

लिल हार्डिन यांचेच उदाहरण घ्यावे. मेम्फिसला जन्मलेल्या, काही काळ फिस्क विद्यापीठात शिकलेल्या या बाई शिकागोच्या एका दुकानात गिऱ्हाइकांना नव्या चिजा वाजवून दाखविण्याच्या नोकरीवरून पुढे कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरच्या वृंदात आल्या आणि एप्रिल १९२३ मध्ये जेनेट कंपनीच्या मुद्रणास पियानोवर त्याच होत्या. त्यांनी तानांच्या वाटेस न जाता चारही मात्रांवर भरीव स्वरसंघात धरावेत, अशी ऑलिव्हरची ताकीद होती. त्यांनी ती पाळली. म्हणूनच ऑलिव्हर आणि तरुण लुई आर्मस्ट्राँग यांच्या दोन कॉर्नेटांना पायाखाली निश्चल भूमी लाभली. लुई आर्मस्ट्राँगने १९२४ मध्ये ऑलिव्हरचा आश्रय सोडला तो पत्नी झालेल्या लिल यांच्याच आग्रहाने. पुढच्या वर्षी त्याच्या ‘हॉट फाइव्ह’ या वृंदाचे पहिले मुद्रण झाले, तेही लिल यांच्याच ‘माय हार्ट’ या रचनेचे. अशा व्यक्तीचा दाखला केवळ ‘आर्मस्ट्राँगची पत्नी’ म्हणून द्यावा, हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

पियानोवादक लव्ही ऑस्टिन यांचे कर्तृत्व तर याहून व्यापक. शिकागोच्या मोनोग्राम थिएटरच्या त्या संगीत-संचालिका. मा रेनी, आयडा कॉक्स आदी गायिकांच्या पॅरामाउंट कंपनीच्या मुद्रिकांमागे त्यांचा वृंद उभा असे. आणि गायिका बेसी स्मिथला १९२३ मध्ये ज्या ‘डाउन हार्टेड ब्लूज’ने कीर्ती दिली, त्याच्या दोन रचनाकारांपैकी त्या एक. पायावर पाय टाकून, ओठांत सिगारेट धरून, डाव्या हाताने चालू प्रवेश वाजवीत उजव्या हाताने पुढच्या प्रवेशाची स्वरलिपी लिहिणाऱ्या ऑस्टिन बाईंना पुढे पियानोवादक व रचनाकार झालेल्या मेरी लू विल्यम्स यांनी बालपणी पाहिले, आणि आपणही असेच व्हायचे हा निश्चय केला. पुढे अँडी कर्कच्या वृंदासाठी विल्यम्स यांनी ज्या संगीतयोजना लिहिल्या, त्यांत तो निश्चय फळास आला. गुरुपरंपरा म्हणतात ती हीच. पण इतिहासकारांच्या वंशावळीत ती क्वचितच आढळते.

पियानोची चौकट मोडून ट्रंपेट हाती घेणाऱ्या व्हॅलेडा स्नो यांच्या वाट्यास वेगळी उपेक्षा आली: त्यांच्या वादनाआधी त्यांच्या वेषभूषेची वर्णने छापली गेली.

१९६१ मध्ये शिकागोत हार्डिन आणि ऑस्टिन या दोघींचेही वादन नव्या यंत्रांवर मुद्रित झाले. ऑस्टिन बाई तोवर एका नृत्यशाळेत पियानो वाजवीत उपजीविका करीत होत्या. त्या मुद्रिका ऐकून मग १९२३ च्या मुद्रिका पुन्हा लावाव्यात; कर्ण्याने गिळलेला डावा हात तेव्हा कुठे ओळखू येतो.