मारिओ चालला, पण स्लॉट पास झाला का?

क्लोन गेम कन्सोलला कॅसेटचा स्लॉट कसा जोडायचा, हे सांगणारं लिखाण तुम्ही वाचलं असेल, तर त्याचा शेवट तुम्हाला पाठ असेल. साठ वायरी सोल्डर केल्या, कॅसेट घातली, मारिओ पळायला लागला, काम फत्ते! माझा आक्षेप या शेवटावर आहे. मारिओ चालणं ही या जोडणीची सगळ्यात सोपी परीक्षा आहे, आणि नेमक्या अवघड जागा ती तपासतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानमध्ये आला. आत दोन मुख्य चिप: एक प्रोसेसर, दुसरी चित्र काढणारी. क्लोनवाल्यांनी आधी या दोन्हींच्या वेगवेगळ्या नकला केल्या आणि पुढे सगळं एकाच चिपमध्ये कोंबलं. बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा थेंब दिसतो ना, त्याच्याखाली ती असते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जे 'व्हिडिओ गेम' खेळले जायचे, त्यातले बरेचसे याच घराण्यातले. नंतरच्या स्वस्त क्लोनमध्ये गेम आतच भरलेले असतात, स्लॉट नसतो. पण त्या गेमची रॉम चिपही त्याच तारांवर बसलेली असल्याने पुष्कळ बोर्डांवर त्या तारा सापडतात. तिथून स्लॉट बाहेर काढता येतो. अट एकच, आतली रॉम आधी काढायची किंवा बंद करायची. नाहीतर दोन चिप एकाच तारेवर एकाच वेळी बोलतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही. (काही नव्या चिपमध्ये दोन्ही बस एकत्र केलेल्या असतात. तिथे हा उद्योग इतका सरळ नाही.)

आता स्लॉटकडे बघू. फॅमिकॉमच्या स्लॉटला ६० पिना. त्यातल्या २७ प्रोसेसरच्या बाजूच्या, २७ चित्राच्या बाजूच्या, २ आवाजाच्या आणि ४ वीजपुरवठ्याच्या. म्हणजे कॅसेट एकाच वेळी दोन वेगळ्या चिपशी बोलत असते. आपण सगळे त्या डबीला 'कॅसेट' म्हणत आलो आणि मीही म्हणणार आहे. पण या शब्दाने एक घोटाळा केलाय. गाण्याची कॅसेट निमूट असते, टेपरेकॉर्डर वाचेल तेवढंच देते. गेमची कॅसेट म्हणजे सर्किट बोर्ड आहे. कन्सोलची काही कामं तीच ठरवते. अर्धं यंत्र कन्सोलमध्ये आणि अर्धं कॅसेटमध्ये, असं म्हटलं तरी चालेल.

उदाहरण घ्या. चित्राच्या चिपला कन्सोलमध्ये २ किलोबाइट मेमरी मिळते, म्हणजे पडद्याएवढी दोन पानं. ही पानं शेजारी-शेजारी लावायची की एकाखाली एक, हे कन्सोल ठरवत नाही. कॅसेटमधून येणारी एक तार ठरवते. मारिओला पानं शेजारी-शेजारी लागतात. तुम्ही ती तार स्लॉटपर्यंत न नेता बोर्डावरच तशी जोडून टाकली, तरी मारिओ सुखाने पळेल. वर चढत जाणारा गेम घातलात, की चित्राचे तुकडे भलत्याच जागी.

पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा एकूण ४० किलोबाइटचा गेम: ३२ प्रोग्रॅमचे, ८ चित्रांचे. त्याची कॅसेट फक्त वाचली जाते, तिच्यात काही लिहिलं जात नाही. त्यामुळे प्रोसेसरची लिहा-वाचा तार, घड्याळाची तार, इंटरप्टची तार आणि चित्राच्या बाजूची लिहिण्याची तार, या चारही तारांना ती हातसुद्धा लावत नाही. चारही तुटक्या ठेवा, मारिओला पत्ता लागणार नाही. पत्ता लागेल तो पुढच्या गेमना.

'कॉन्ट्रा'ची १९८८ ची अमेरिकन आवृत्ती घ्या. तिच्यात चित्रांची रॉम नाहीच. गेम चालू असताना चित्रं कॅसेटमधल्या रॅममध्ये लिहिली जातात. चित्राच्या बाजूची लिहिण्याची तार नसेल, तर पडद्यावर नुसता कचरा. 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' मध्ये गुणांची पट्टी खाली असते. ती जागेवर राहावी म्हणून कॅसेटमधली चिप पडद्याच्या ओळी मोजते आणि वेळ झाली की इंटरप्टच्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारते. पहिल्या मारिओत पट्टी वर असते आणि तिचं काम कन्सोल स्वतःच भागवतो. दिसायला सारखीच पट्टी, पण परीक्षा पूर्ण वेगळी.

आवाजाच्या दोन पिनांकडे तर सर्रास दुर्लक्ष होतं. फॅमिकॉमचा आवाज एका पिनेतून कॅसेटमध्ये जातो आणि दुसरीतून परत येतो. वाटेत कॅसेट त्यात स्वतःचे सूर मिसळू शकते. १९८९ च्या 'आकुमाजो देनसेत्सु'ने कोनामीच्या चिपचे तीन जादा आवाज असेच मिसळले. अमेरिकन कन्सोलच्या ७२ पिनांच्या स्लॉटमध्ये या दोन पिनाच नाहीत. ६० मधून या २ वजा करा, कुलूपचिपच्या ४ आणि विस्ताराच्या १० मिळवा, झाल्या ७२. त्यामुळे 'कॅसलव्हेनिया ३' या नावाने अमेरिकेत आलेल्या त्याच गेमचं संगीत वेगळं बांधावं लागलं. तुमच्या क्लोनमध्ये या दोन पिना मोकळ्या असतील, तर गेम चालेल, पण त्याचं गाणं अर्धवट ऐकू येईल. आणि मूळ माहीत नसेल, तर तुम्हाला ते पूर्णच वाटेल!

कंट्रोलरचं प्रकरण त्या मानाने सोपं. आठ बटणं, पण वायरी पाचच: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. लॅचचा इशारा आला की आतला शिफ्ट रजिस्टर आठही बटणांची स्थिती धरून ठेवतो, आणि क्लॉकच्या ठोक्यागणिक एकेक पुढे सरकवतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग वर, खाली, डावं, उजवं. खरी अडचण सॉकेटची. पुष्कळ क्लोनना नऊ पिनांचं सॉकेट असतं, अटारी आणि सेगाच्या सॉकेटसारखंच दिसणारं. आतली जोडणी मात्र वेगळी, आणि सगळ्या क्लोनमध्ये एकसारखी असेल याचीही खात्री नाही. प्लग बसला म्हणजे जुळला असं नव्हे. आधी मल्टिमीटर लावा, मग वीज द्या.

'पण मला मारिओच खेळायचाय,' असं कुणी म्हणेल. जरूर खेळा. माझा मुद्दा निवाड्याचा आहे. अनुकूलता म्हणजे नेमकं काय, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न, आणि तिथे दोष कुणाचा हे कळणं महत्त्वाचं ठरतं. काही दोष खुद्द क्लोन चिपचे असतात. उदाहरणार्थ, अनेक क्लोनमध्ये चौकोनी लहरींचे २५ आणि ५० टक्क्यांचे प्रकार आपसात बदललेले असतात, त्यामुळे ओळखीची धून वेगळ्याच वाद्यावर वाजल्यासारखी वाटते. ते कुठलीही वायर दुरुस्त करणार नाही. पण न जोडलेली इंटरप्टची तार हा तुमचा दोष, चिपचा नाही. तपासणी फक्त मारिओवर थांबली, तर हे दोन्ही दोष एकाच 'क्लोन आहे, चालायचंच' या वाक्यात गडप होतात. आणि पुढे कुणी हे क्लोन जपून ठेवायला, अभ्यासायला बसलं, तर त्याच्या हाती चुकीची नोंद पडते.

म्हणून पुढच्या वेळी स्लॉट जोडलात, की किमान चार कॅसेट लावून बघा: चित्र रॅममध्ये लिहिणारी, इंटरप्ट मागणारी, वर सरकणारी आणि स्वतःचा आवाज आणणारी. (७२ पिनांची असेल तर अडॅप्टर लागेल.) मारिओ सगळ्यात शेवटी लावा, बक्षीस म्हणून.