द्राक्षवेल आणि दुधी पीळ

न्यूकॅसलच्या बीलबी कुटुंबाने रंगवलेला वाइनचा पेला उलटा करून पाहिला, तर बुडाला ना कारखान्याचा शिक्का सापडतो, ना साल. सही केलेले नग थोडे, आणि त्यांतले गाजलेले म्हणजे राजचिन्हे रंगवलेले भारदस्त चषक. बाकीच्या पेल्यांचा काळ आणि कर्ता ठरवायचा तो काच, दांडा आणि कुंचला यांच्यावरून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आपली मंडळी टिपूचा वाघ पाहायला हमखास जातात. त्यांनी पाय दुखत असले तरी वरच्या मजल्यावरचे काचेचे दालन चुकवू नये. तिथे बीलबींचे काम आहे, आणि ते घाईत पाहण्यासारखे नाही.

सुरुवात रंगाकडे न पाहता करावी. पेला हातात घ्यायची संधी मिळाली तर आकाराच्या मानाने तो जड लागतो. कडेवर नखाने हलकेच टिचकी मारली की काशाच्या वाटीसारखा नाद उमटतो आणि रेंगाळतो. ही शिशाची काच. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७०च्या दशकात काचेत शिशाचा ऑक्साइड मिसळायला सुरुवात केली आणि इंग्लंडची काच व्हेनिसच्या वाटेवरून कायमची वेगळी झाली. ही काच सावकाश घट्ट होते, त्यामुळे कारागिराला वळण द्यायला उसंत मिळते. वाटीपासून दांड्यापर्यंत उतरणारी ती निवांत रेषा त्या उसंतीतून आलेली आहे.

आता दांडा. पारदर्शक काचेच्या आत दुधी धाग्यांचा पीळ फिरतो: मध्ये जाळीदार दोरी, आणि तिच्याभोवती दोन रुंद फिती. हे वरून रंगवलेले नाही. दुधी काचेच्या बारीक कांड्या साच्यात कडेने उभ्या करायच्या, मध्ये वितळलेली स्वच्छ काच भरायची, आणि तो गोळा ओढत ओढत पिळायचा. एका लांब कांबीतून मग अनेक पेल्यांचे दांडे निघत. या नजाकतीमागे सरकारी कर आहे. १७४५च्या कायद्याने काचेवर वजनानुसार कर बसला. जाडजूड गाठींचे दांडे परवडेनासे झाले, तेव्हा कारागिरांनी काच कमी केली आणि शोभा दांड्याच्या पोटात नेली. १७७७मध्ये कर आणखी वाढला, त्यात दुधी काचही ओढली गेली, आणि पुढे हा पीळ मागे पडला. म्हणून असा दांडा दिसला की काळ साधारण १७५० ते १७८० या पट्ट्यात येतो. कराच्या ओझ्याखाली एवढी सुबक गोष्ट जन्माला यावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

रंगकाम मात्र काच फुंकणाऱ्याचे नव्हे. पेला एकाने घडवला, नाव दुसऱ्याचे झाले. विल्यम बीलबी (१७४०–१८१९) बर्मिंगहॅमला मिनाकाम शिकून आला होता आणि तीच विद्या त्याने काचेवर आणली. पांढऱ्या काचेची वस्त्रगाळ पूड तेलात कालवायची, कुंचल्याने चित्र काढायचे आणि पेला भट्टीत शेकायचा. शिशाची काच कमी उष्णतेत मऊ पडते. आच थोडी चढली तर पेलाच झुकतो, उतरली तर रंग काचेत भिनत नाही. एवढ्या अरुंद वाटेवरून हे लोक वर्षानुवर्षे चालले.

वाटीभोवती फिरणारी द्राक्षवेल जवळून पाहावी. नवखा रंगारी सगळीकडे सारखाच थर देतो, आणि चित्र चुन्याने काढल्यासारखे चपटे पडते. इथे प्रत्येक द्राक्षाच्या एका बाजूला रंग दाट आहे, दुसरीकडे तो इतका विरळ होतो की काचेतला उजेड आत शिरतो. त्यानेच मणी गोल दिसतो. सावलीसाठी वेगळा रंग वापरलेलाच नाही. पातळ जागी पांढऱ्यावर निळसर झाक येते. या घराण्याच्या पांढऱ्याची ही ओळखीची खूण. पानाच्या शिरा टोकदार काडीने रंग खरवडून मोकळ्या केल्या आहेत, म्हणजे शीर ही रेघ नसून उघडी काच आहे. आणि वेलीचे तणावे! कुंचला टेकला, वळला, सुटला. वळणाच्या शेवटी थांबून गिरवल्याची खूण नाही. पेल्याच्या काठावर कधी कधी सोन्याच्या मुलाम्याचा पुसट अंश उरलेला असतो. नवा असताना हा पेला मेणबत्तीपुढे कसा दिसला असेल, ते त्यावरून ताडता येते.

पेल्यावर रंगवलेले फुलपाखरू दिसले की त्यालाच बीलबींची सही समजायची संग्राहकांत चाल आहे. मी तेवढ्यावर विसंबणार नाही. फुलपाखरू कोणीही काढू शकतो, पण तो विरळ होत जाणारा द्राक्षमणी साधणे कठीण. नकली काम पकडतानाही तोच उपयोगी पडतो, कारण लबाड माणूस जुना, साधा, अस्सल पेला घेऊन त्यावर नवी वेल रंगवतो. अशा वेळी काच, दांडा, कारागिराच्या लोखंडी सळईपासून पेला तोडल्याचा बुडावरचा खरखरीत व्रण, पायाच्या कडेवरची वेड्यावाकड्या ओरखड्यांची झीज, सगळे खरे निघते. फसवतो तो फक्त कुंचला.

राहिला प्रश्न मेरीचा. विल्यमची ही धाकटी बहीण १७४९ची. दोघेही काचेवर रंगकाम करत, हे टॉमस ब्युइकच्या आठवणींतून कळते. तो १७६७पासून त्यांचा भाऊ राल्फ याच्याकडे खोदकामाची उमेदवारी करत होता. ब्रिटिश युवराजाच्या जन्माच्या सुमाराचे, १७६२च्या आसपासचे राजचिन्हांकित चषक तिचे मानायला मन धजत नाही, ती तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. पुढच्या कामात तिचा वाटा नक्कीच आहे. पण नाजूक वेल मेरीची आणि करारी ढाली विल्यमच्या, अशी वाटणी काही जण करतात, तिला आधार नाही. ती दोघे एकाच घरात, एकाच शिस्तीत रंगवत होती. द्राक्षवेलीच्या पेल्यापुढे दोघांची नावे जोडीने लिहावीत, हेच मला रास्त वाटते.