‘कंदिसा’, ‘मा रेवा’ आणि स्मरणरंजनाची मर्यादा

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की, तो उच्चारताच विवेचन संपले असे मानण्याची सवय आपणांस लागली आहे. एखाद्या लेखकाने बालपणीच्या गावाविषयी लिहिले, एखाद्या श्रोत्याने जुन्या नाट्यपदांची तरफदारी केली, की त्यावर या शब्दाचा शिक्का मारावयाचा आणि पुढे जावयाचे. ज्या पाश्चात्त्य संज्ञेचा पर्याय म्हणून हा शब्द योजिला जातो, तिच्या घटकांकडे पाहिले असता मात्र एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा घडविली, ती दोन ग्रीक शब्दांपासून : ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. परमुलखात राहावे लागलेल्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका व्याधीचे ते नाव होते. मराठी पर्यायात घर नाही, परतणे नाही आणि वेदनाही नाही. आहे ती स्मृती व तिच्यापासून होणारे रंजन. मूळ अर्थ पर्यायात निसटला, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येईल. परंतु प्रस्तुत लेखकास असे वाटते की, मराठी शब्दाने एक वेगळीच वस्तू नेमकी पकडली आहे आणि होफरची मूळ वस्तू मात्र आपल्या समीक्षेत अनामिक राहिली आहे. हा भेद एका मर्यादित उदाहरणावर तपासून पाहावयाचा आहे.

उदाहरण आहे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक बँडचे. (मराठीत ‘बँड’ म्हटले की अजूनही प्रथम वरातीपुढचे ब्रासचे वादक डोळ्यांपुढे येतात; आणि कोणाचा ‘बँड वाजला’ तर त्यात संगीताचा अंशही नसतो. दुसरा सुटसुटीत शब्द नसल्यामुळे हाच स्वीकारला आहे.) सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये या बँडची स्थापना केली. राहुल राम १९९१ मध्ये व अमित किलाम १९९४ मध्ये त्यात आले, आणि या चौघांचा ‘कंदिसा’ हा संग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सेन यांची गिटार रागांच्या वळणाने चाले. चक्रवर्ती तबला वाजविता वाजविताच गात. राम बास गिटार व गायन सांभाळीत. किलाम ड्रमबरोबर बाउलांची गबगुबीही हाती घेत. ‘रॉक’ या संज्ञेत हे कितपत बसते याविषयी मतभेद आहेत. लांबलचक वाद्यप्रस्तार, हळूहळू चढत जाणारी लय आणि शेवटी सर्वांनी एकदम उचललेला मुखडा ही त्या संगीताची घडण मात्र रॉकचीच होय.

प्रस्तुत लेखक ज्या पिढीचा आहे, ती पिढी तो संग्रह निघाला तेव्हा महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर किंवा आत होती. आज त्या पिढीतील मंडळी एकत्र जमली आणि हा विषय निघाला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे की, तेव्हाचे संगीत बाजाराबाहेरचे होते; दुसरे असे की, असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी निवर्तले व सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, त्यानंतर ‘ती गोष्ट’ उरली नाही.

पैकी पहिले विधान सरळच चूक आहे. ‘कंदिसा’ प्रसिद्ध केला तो टाइम्स म्युझिकने, म्हणजे एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या ध्वनिमुद्रण संस्थेने. तो दुकानांतून कॅसेटी व सीडींच्या रूपाने विकला गेला. याउलट, ‘१६/३३० खजूर रोड’ या पुढच्या संग्रहातील गाणी २०१० पासून एकेक करून महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. ज्या काळी बाजार नव्हता असे आपण सांगतो त्या काळी आपण पैसे मोजत होतो, आणि पैसे मोजावे लागले नाहीत तो काळ आपण ऱ्हासाचा मानतो. या दुसऱ्या संग्रहात चक्रवर्तींचाच आवाज आहे आणि त्याचे नाव म्हणजे दिल्लीच्या करोल बागेतील ज्या जुन्या घरात ही मंडळी सरावासाठी जमत त्या घराचा पत्ता आहे. श्रोत्यांआधी बँडलाच स्वतःच्या गतकाळाची ओढ लागली होती, असे यावरून म्हणता येईल.

दुसरे विधान इतक्या सहज निकालात काढता येत नाही. एका विशिष्ट गळ्याची जागा दुसरा गळा घेऊ शकत नाही, हे संगीतापुरते खरेच आहे. हिमांशू जोशी व तुहीन चक्रवर्ती यांनी गायनाची आणि तालवाद्यांची, तर निखिल राव यांनी गिटारची बाजू उचलली आणि बँड चालू राहिला. २०२३ मध्ये ‘तू है’ हा नवा संग्रहही निघाला. तो ऐकल्यावाचूनच नाकारणारे श्रोते प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे आहेत. त्यांचा नकार संगीताविषयी नाही हे उघड आहे. मग तो कशाविषयी आहे?

येथे रूसोचे एक निरीक्षण उपयोगी पडते. स्विस गुराख्यांची एक धून शिपायांच्या कानी पडली की ते रडत, पळून जात, म्हणून तुकड्यांत ती वाजविण्यास मनाई होती, असे त्याने आपल्या संगीतकोशात नमूद केले आहे. त्या धुनेत असा प्रभाव पाडण्याजोगे काही शोधूनही सापडत नाही, हेही तो सांगतो. त्याचा निष्कर्ष असा की, अशा वेळी संगीत हे संगीत म्हणून परिणाम करीत नाही. ते स्मृती जागविणारे एक चिन्ह बनते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हे विधान लगेच पटावे. चिन्ह आणि चिन्हित यांचा संबंध आवश्यक नसतो. कोणतीही धून कोणत्याही गतकाळाची खूण होऊ शकते. म्हणून एखादी धून आपल्याला व्याकुळ करते, एवढ्यावरून तिच्या गुणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. समीक्षकाने प्रथम हे चिन्ह बाजूला काढून गाणे गाणे म्हणून ऐकले पाहिजे.

तसे ऐकले असता शीर्षकगीताविषयी काय म्हणता येते? ‘कंदिसा’ हे केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेतील स्तोत्र आहे आणि त्याची भाषा सिरियाक, म्हणजे अरामाईकचे एक रूप. तिच्यातील ‘पवित्र’ या अर्थाचा शब्द ‘कद्दीशा’. हिब्रू ‘कदोश’ व अरबी ‘कुद्दूस’ हे त्याच धातूपासून आलेले. केरळीय उच्चारात द्वित्त ‘द्द’च्या जागी अनुनासिकासह ‘न्द’ आला आहे. अरामाईकच्या काही बोलींतही ही प्रवृत्ती दिसते, तेव्हा हा बदल मलबारच्या किनाऱ्यावर घडला की सोबत आला हा प्रश्न मोकळा ठेवावा लागेल. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र ‘अश्रु’चे प्राकृतात ‘अंसु’ होते आणि ‘वक्र’चे ‘वंक’ होते, त्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘देव’ या अर्थाचा शब्दही ‘आलाहा’ असा आहे, पश्चिम सिरियाकमधील ‘आलोहो’ असा नाही. पूर्वेकडील उच्चारपरंपरा त्यात जपली गेली आहे.

दिल्लीच्या किंवा पुण्याच्या सभागृहात मुखडा उचलणाऱ्या श्रोत्यांना यातले काही ठाऊक नव्हते व ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. अर्थ न कळणे हाच त्या गाण्याच्या मोहाचा एक भाग होता. काहीतरी अतिप्राचीन आपण गात आहोत, एवढी जाणीव पुरेशी होती. परंतु ज्यांचे ते स्तोत्र, त्यांच्याकडे ते प्राचीन म्हणून गायिले जात नव्हते. ते उपासना म्हणून गायिले जात होते. १९६२ मध्ये सिरो-मलबार चर्चच्या उपासनेत मलयाळम आली आणि सिरियाक हळूहळू वडीलधाऱ्यांच्या स्मरणात सरकत गेली. म्हणजे आपल्या पिढीने जे गाणे आपल्या तारुण्याचे म्हणून उराशी धरले, ते तोवर दुसऱ्या एका पिढीच्या आठवणीचा विषय होऊन बसले होते. बँडने त्याला दिलेले रूप सरस आहे, यात शंका नाही. एकेक स्वर लांबवीत, शब्दांचा अर्थ नव्हे तर वजन ऐकविणारे असे ते गायन आहे, आणि ते आजही ताजे वाटते. त्याच संग्रहातील ‘खजुराहो’ला तेवढे टिकाऊपण लाभलेले नाही, त्यातील वाद्यप्रस्तार स्वतःवरच लुब्ध आहे. गोरख पांडेय (मृत्यू १९८९) यांच्या भोजपुरी गीतावरून घेतलेल्या ‘हिल्ले ले’चे तर महाविद्यालयीन संमेलनांत नृत्यगीत झाले, आणि ज्या शेतकरी-मजुरांच्या लढ्यासाठी ते रचले गेले होते तो लढा टाळ्यांच्या ठेक्यात विरून गेला.

खरा प्रश्न उभा राहतो तो ‘मा रेवा’पाशी. हे नर्मदाखोऱ्यातील पारंपरिक स्तुतिगीत. राहुल राम नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ते या बँडच्या संग्रहात कोणत्या वाटेने आले याचा अंदाज येतो. ज्या वर्षी संग्रह प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निर्णयाने सरदार सरोवराचे बांधकाम पुढे नेण्यास वाट मिळाली. १७ सप्टेंबर २०१७ रोजी धरणाचे लोकार्पण झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोचला. महाराष्ट्रातील ३३ गावे त्याच्या बुडीत क्षेत्रात येतात. अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ही गावे भिल्ल, पावरा आदी समाजांची. मणिबेलीचे नाव त्या काळी वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे होते.

आता एकच गाणे दोन ठिकाणी ऐकले जात आहे अशी कल्पना करावी. पुण्याच्या सभागृहात बसलेला पंचेचाळिशीतला प्राध्यापक ते ऐकतो आणि त्याला आपले वसतिगृह आठवते, डोळे किंचित ओलावतात, मन सुखावते. हे स्मरणरंजन होय, आणि मराठी शब्द येथे तंतोतंत लागू पडतो, कारण या वेदनेत रंजन आहे, व परतावयाचे म्हटले तरी परतण्याजोगे काही बुडालेले नाही. वसतिगृह आहे तेथेच आहे. गेले आहे ते केवळ वय. तेच गाणे, किंवा त्याच नदीचे दुसरे गाणे, पुनर्वसाहतीत राहणारी स्त्री गाते तेव्हा ज्या किनाऱ्याची ती स्तुती, तो किनारा पाण्याखाली आहे. होफरच्या संज्ञेतील घर, परतणे आणि वेदना हे तिन्ही घटक येथे अक्षरशः उपस्थित आहेत. या अनुभवास आपण ‘स्मरणरंजन’ म्हणू लागलो तर तो केवळ संज्ञेचा घोटाळा राहत नाही. तो अन्याय होतो.

‘रेवा’ हे नाव संस्कृत काव्याच्या वाचकास मेघदूतातून परिचित आहे. रामगिरीवरून अलकेकडे जाणाऱ्या मेघाच्या वाटेवर ही नदी लागते. ते काव्यही घरापासून दूर टाकलेल्या एका व्यक्तीचे आहे. मात्र यक्षाचा शाप वर्षाचा आहे, त्यातील चारच महिने उरले आहेत आणि हे यक्षास ठाऊक आहे. त्याच्या विरहाला तिथी आहे. किंबहुना त्या काव्याला जो सौम्य शृंगाराचा सूर लाभला आहे, तो या तिथीमुळेच लाभला आहे. नर्मदाकाठच्या माणसांच्या वियोगाला असा शापान्त नाही, आणि म्हणून आपल्या काव्यशास्त्रातील ‘विरह’ ही संज्ञाही तेथे अपुरी पडते.

मराठीजवळ या अनुभवाला शब्दच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जात्यावरच्या ओव्यांतून माहेराची जी ओढ प्रकट झाली आहे ती रंजनापासून कितीतरी दूर आहे. ‘ओढ’ या साध्या शब्दात ताण आहे, दिशा आहे, आणि ज्याकडे ओढले जावयाचे त्या ठिकाणाचे अस्तित्वही गृहीत आहे. ठिकाणच नाहीसे झाले तरी ओढ उरते काय, व उरली तर ती कोणत्या शब्दांत बोलते, याचे उत्तर संज्ञा घडवून मिळणार नाही.

‘मा रेवा’ या गाण्यात स्वतःमध्ये शोक नाही, ही गोष्टही येथे नोंदविली पाहिजे. ते स्तुतिगीत आहे. त्यात नदी भरलेली आहे, देती आहे. बँडनेही त्याला विलापाचा सूर दिला नाही, आणि हा त्यांचा विवेक प्रस्तुत लेखकास त्या संग्रहातील सर्वांत मोलाचा वाटतो. शोक बाहेरून, इतिहासाने आणून घातला. त्यामुळेच सभागृहातील श्रोत्याला आपले तारुण्य त्या स्तुतीत सुखाने भरता येते. गाणे त्याला अडवीत नाही.

हा भेद श्रोत्यांच्या मनोवृत्तीपुरता न ठेवता संहितेच्या पातळीवर तपासावयाचा असेल, तर त्याला एक मार्ग आहे. तळोदे तालुक्यातील पुनर्वसाहतींत आज जी नदीगीते म्हटली जातात, त्यांची पाठांतरे ध्वनिमुद्रित रूपाशी व मूळ गावांत राहिलेल्या लोकांच्या पाठांशी ताडून पाहावी लागतील. क्रियापदांचे काळ बदलले आहेत काय, ‘येथे’च्या जागी ‘तेथे’ आले आहे काय, नदीला संबोधन राहिले आहे की तिचे वर्णन होऊ लागले आहे, हे प्रथम पाहावे. पावरी व भिलाली या दोन्ही बोली जाणणारा सहकारी बरोबर असल्यावाचून हे काम हाती घेऊ नये. आणि ते लवकर घ्यावे, कारण मूळ किनाऱ्यावर ही गाणी शिकलेल्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत.